आत्याचं खातं, माझं नाव : पगारी देखभाल लागणाऱ्या ज्येष्ठांसोबत बँक खातं कसं चालवावं

आत्याने चौतीस वर्षं पोरांकडून कित्ता गिरवून घेतला. तिचीच सही बँकेने एका आठवड्यात तिसऱ्यांदा परत केली. पैसे काढायच्या स्लिपवर पहिली दोन अक्षरं नीट यायची, मग वेलांटी काढताना हात असा थरथरायचा की तिचं शेपूट खालच्या रकान्यात जाऊन पडायचं. काउंटरपलीकडचा मुलगा स्क्रीनवरची पंचवीस वर्षांपूर्वीची सही बघायचा, पुन्हा स्लिप बघायचा. "आजी, जुळत नाहीये." बाहेर रिक्षा थांबवलेली. पाच तारीख उलटून गेलेली आणि घरी तिला सांभाळणाऱ्या ताईंचा पगार द्यायचा राहिलेला.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "तुझंच नाव घाल की त्यात. किती वेळा हे?"

कंपवात, पक्षाघात, मोडलेलं खुब्याचं हाड, किंवा नुसतंच वय. कारण काहीही असो, घरात पगारी माणूस ठेवायची वेळ आली की महिनाभरातच कोणीतरी हे वाक्य म्हणतं. नाव घालायला शाखेत अर्धा तास पुरतो. त्यातून पुढे जे गुंते होतात ते निस्तरायला वर्षं जातात. आत्या साताऱ्यात, मी पुण्यात, तिला मूलबाळ नाही, काका जाऊन बारा वर्षं झाली. अशा परिस्थितीत आम्ही काय केलं, काय चुकलं आणि आता कोणी विचारलं तर काय सांगते, ते लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: ज्येष्ठांच्या सगळ्या पैशांत आपलं नाव घालू नये. खर्चापुरतं वेगळं छोटं खातं उघडावं, त्यात दोघांची नावं असावीत, आणि बाकीचा पैसा होता तिथेच राहू द्यावा.

आधी पैसा मोजा

बँकेत जायच्या आधी एक संध्याकाळ कागद घेऊन बसा. आत्याची पेन्शन ३४,००० रुपये. ठेवी नऊ लाखांच्या, त्यांचं व्याज महिन्याला साधारण ५,००० पडतं. म्हणजे आवक ३९,०००.

खर्च असा: दिवसाच्या ताई १५,०००, रात्रीच्या मावशी १२,०००, औषधं ५,५००, डायपर आणि तत्सम ३,०००, स्वयंपाक-धुणंभांडी ४,५००, किराणा-लाइट-गॅस ६,०००. एकूण ४६,०००. दर महिन्याला सात हजारांची तूट, वर्षाला ८४,०००. तोंडी हिशेबात नऊ लाख दहा वर्षं पुरतात. पण ठेव मोडत गेलं की व्याजही आटतं आणि दोघींचा पगार दर दिवाळीला हजार-हजाराने वाढतो. म्हणून मी सहाच वर्षं धरली. आकडे तुमच्या गावात वेगळे असतील. पुण्या-मुंबईत ब्युरोमार्फत (म्हणजे देखभालीला माणसं पुरवणाऱ्या संस्थेमार्फत) माणूस घेतलं तर याहून बरेच चढे पडतील, शिवाय ब्युरोचं कमिशन वेगळं.

हा कागद नुसता तुमच्यासाठी नसतो. खात्यात दरमहा किती पैसे लागतात, गंगाजळी किती हवी आणि ठेवी कोणत्या क्रमाने मोडायच्या, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

मोजताना पैसा कुठे आहे तेही लिहा. आत्याच्या कपाटात एका पतसंस्थेच्या दोन लाखांच्या पावत्या निघाल्या, कोणालाच ठाऊक नव्हत्या. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे (४ फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी एक लाख होतं), आणि ते सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थेला ते नाही. देखभालीचा पैसा तिथे ठेवू नये. मुदत संपली तशा आम्ही त्या पावत्या काढून घेतल्या. वर सांगितलेल्या नऊ लाखांत ते दोन लाख धरलेले आहेत. पाच लाख ही मर्यादा एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या खात्यांची मिळून असते, व्याजासकट. त्यामुळे नऊ लाख एकाच बँकेत न ठेवता दोन बँकांत विभागले. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त हजार रुपये काढता येत होते. ज्याच्या घरी रोजची बाई पगारावर आहे त्याला असा एक महिनाही परवडत नाही.

अधिकार द्यायचे मार्ग

पहिला मार्ग अधिकारपत्राचा. खातं ज्येष्ठांचंच राहतं, फक्त चालवायची परवानगी तुम्हाला मिळते. बँकेचा ठरलेला नमुना असतो. ज्येष्ठ ते कधीही रद्द करू शकतात आणि पैशावर तुमचा कसलाही दावा उभा राहत नाही. तत्त्वतः मला हाच मार्ग सगळ्यांत स्वच्छ वाटतो. प्रत्यक्षात बऱ्याच शाखा नाक मुरडतात आणि ऑनलाइन व्यवहार देत नाहीत.

दुसरा मुखत्यारपत्राचा, म्हणजे 'पॉवर ऑफ अॅटर्नी'चा. घर भाड्याने देणं, वीज मंडळ, सोसायटी, बँक, सगळ्यासाठी एकच कागद चालतो, म्हणून लोकांना तो भारी वाटतो. पण १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, अधिकार देणारी व्यक्ती वारली किंवा तिची सारासार बुद्धी गेली की मुखत्यारी संपते. म्हणजे स्मृतिभ्रंशात, जेव्हा या कागदाची खरी गरज पडते, तेव्हाच तो निकामी होतो. "आमच्याकडे पॉवर आहे" म्हणून निर्धास्त बसलेली दोन कुटुंबं मला माहीत आहेत.

तिसरा मार्ग संयुक्त खात्याचा, आणि त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलेल्या पर्यायावर सगळं अवलंबून आहे. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याने चालवावं, आणि एक गेल्यावर दुसऱ्याने. देखभालीसाठी हाच हवा. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' मध्ये पहिलं नाव असलेली व्यक्ती हयात असेपर्यंत तीच चालवते. तुमची सही असून उपयोग नाही. 'जॉइंटली' मध्ये दर वेळी दोघांच्या सह्या, म्हणजे पुन्हा ती थरथरती वेलांटी. फॉर्म भरणारा कर्मचारी घाईत जी खूण करेल ती वाचल्याशिवाय सही करू नका.

संयुक्त खात्याचा धोका दोन्ही बाजूंनी असतो. तुम्ही एकट्याने सगळे पैसे काढू शकता, बँक अडवणार नाही. आणि तुमच्या भानगडी त्या खात्याला चिकटू शकतात: तुमचा कर थकला तर आयकर खातं संयुक्त खात्यावरही टाच आणू शकतं, आणि वेगळं सिद्ध होईपर्यंत खातेदारांचे वाटे समान धरले जातात. ज्याचा धंदा अडचणीत आहे त्या मुलाचं नाव घालू नये, दुसऱ्याचं घालावं. हे घरात बोलायला जड जातं, पण बोलावं. लहान खात्याचा आग्रह मी धरते तो यासाठीच. काही बिनसलंच तर नुकसान फार तर दोन-एक महिन्यांच्या खर्चाएवढं होतं.

पेन्शनच्या खात्याला हात लावू नका

आम्ही आधी पेन्शनच्या खात्यातच माझं नाव घालायला गेलो होतो. शाखेने नाही म्हटलं. पेन्शनच्या खात्यात नवरा-बायकोखेरीज दुसरं नाव सहसा घेत नाहीत. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतही संयुक्त खातं फक्त जोडीदारासोबत उघडता येतं. तेव्हा राग आला, आता वाटतं बरं झालं.

रचना अशी केली: पेन्शनचं खातं एकट्या आत्याचं, जसं होतं तसं. त्याच शाखेत दुसरं बचत खातं उघडलं, पहिलं नाव आत्याचं, दुसरं माझं, आयदर ऑर सर्व्हायव्हर. पेन्शन खात्यातून दर सात तारखेला ३२,००० रुपये या खात्यात आपोआप जातील अशी स्थायी सूचना दिली. सात तारीख अशासाठी की पेन्शन कधी एक तारखेला येते, कधी पाचला. ठेवींचं व्याजही याच खात्यात वळवलं. आणि सुरुवातीला साठ हजार त्यात टाकून ठेवले. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावं लागलं तर पहिली अनामत भरायला तेवढे पुरतात. लाखापेक्षा जास्त या खात्यात साचू देत नाही.

पहिलं नाव आत्याचंच का? व्याजाची करकपात आणि ज्येष्ठांचा जादा व्याजदर पहिल्या नावावरून ठरतो. माझं नाव पहिलं असतं तर व्याज माझ्या पॅनवर दिसलं असतं. शिवाय कोणाचा पैसा आहे ते पासबुकाच्या पहिल्या ओळीतच कळतं.

शाखेत

आधी एकट्याने जाऊन फॉर्म घरी आणा. पाच ते दहा तारखेच्या दरम्यान जाऊ नका, पेन्शनरांची रांग असते. दोघांचं आधार, पॅन, दोन-दोन फोटो. पत्ता जुना असेल तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर तिथेच घोडं अडतं. सही अर्धवट येत असेल तर त्याच दिवशी नवीन नमुना सही द्यायला सांगा. आत्याने पूर्ण नावाऐवजी नुसती आडवी दोन अक्षरं सही म्हणून दिली, आणि वेलांटीचा प्रश्न मिटला. इतकं सोपं होतं, आम्हाला सहा महिने सुचलं नाही.

सहीच येत नसेल तर? रिझर्व्ह बँकेच्या सूचना यावर स्पष्ट आहेत, फक्त काउंटरवरच्या माणसाला त्या माहीत असतीलच असं नाही. आजारी खातेदार हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा देऊ शकतो. बँकेला माहीत असलेले दोन त्रयस्थ साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ठसाही शक्य नसेल तर स्लिपवर काहीतरी खूण करता येते, तीही अशाच दोन साक्षीदारांसमोर. पैसे प्रत्यक्ष कोण घेऊन जाणार ते खातेदाराने दाखवायचं आणि त्या व्यक्तीने सही करायची. शिवाय सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच बँकसेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे: रोख पोचवणं, कागदपत्रं घरून नेणं, हयातीचा दाखला घेणं. काउंटरवर वाद घालू नका. व्यवस्थापकाला उद्देशून लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. तोंडी 'होत नाही' म्हणणारे लेखी 'होत नाही' सहसा देत नाहीत.

आमच्या शाखेत एक गोष्ट चांगली झाली. व्यवस्थापक बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि आत्याला एकटीला विचारलं, "तुमच्या मनाने करताय ना?" आत्या बाहेर आली ती फुरंगटूनच. "मला काय कोणी फसवतंय का?" मी मात्र मनात त्या बाईंचे आभार मानले. तुमच्या शाखेत कोणी विचारलं नाही तर तुम्हीच म्हणा, मी बाहेर थांबते, तुम्ही बोला.

कार्ड दोन मागा. संयुक्त खात्यात दोघांनाही आपापलं एटीएम कार्ड मिळतं. आत्याचं कार्ड आणि तिचा पिन मी वापरायचा, हा प्रकार सगळ्या घरांत चालतो आणि बँकेच्या नियमांत बसत नाही. काही गडबड झाली तर बँक पहिलं हेच विचारते की पिन कोणाला सांगितला होता. माझा मोबाइल नंबर माझ्या ग्राहक क्रमांकाला जोडून घेतला, म्हणजे यूपीआय माझ्या फोनवरून चालतं. २०२४ मध्ये यूपीआय सर्कल आलं. त्यात मूळ खातेदार दुसऱ्याला महिन्याला १५,००० पर्यंत खर्चाची मुभा देऊ शकतो. ज्या आजोबांना स्मार्टफोन येतो त्यांच्यासाठी संयुक्त खात्याशिवायही ते चांगलं आहे. आत्याचा फोन बटणांचा, त्यामुळे आमचा प्रश्नच आला नाही.

ताईंचा पगार

लेखांमध्ये 'शक्यतो ऑनलाइन द्या' एवढंच लिहितात. आम्हीही तसंच ठरवलं होतं. दुसऱ्या महिन्यात ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "मॅडम, खात्यावर नका टाकू. कार्ड मालकांकडं असतंय." नवऱ्याच्या खिशात कार्ड, म्हणजे पगार जमा झाला की संध्याकाळी संपला. तेव्हापासून आठ हजार खात्यावर आणि सात हजार हातात, असं ठरलं. त्यांच्या बाजूने विचार केल्याशिवाय पगाराची पद्धत ठरवू नये.

रोख द्यायची तर वहीवर सही. तारीख, कोणत्या महिन्याचा, किती, त्यातून उचल किती वळती केली, खाडे किती. उचल हा शब्द जपून हाताळा. मुलीची फी, गावची जत्रा, दवाखाना. दोन हजारांची उचल तीनदा झाली की चौथ्या महिन्यात पगार हातात नऊ हजारच पडतो आणि माणूस काम सोडतं. आमचा नियम असा की एका वेळी एकच उचल, ती फिटल्यावर दुसरी, आणि महिन्याला दोन हजारांपेक्षा जास्त कापायचे नाहीत.

सुरुवातीलाच बोलून घ्या: महिन्याला सुट्ट्या किती, बदली बाई कोण आणणार, बदलीचे पैसे कोण देणार, रात्री जाग्या राहायच्या की झोपून, दिवाळीला एक पगार की अर्धा. ब्युरोमार्फत माणूस घेतलं तर पैसे बाईंना द्यायचे की ब्युरोला, आणि ब्युरो त्यांतले किती ठेवतं, हे बाईंनाच विचारा. नावपत्ता आणि आधारची प्रत ठेवा, पोलिस ठाण्यात नोंद करा.

भाजी, दूध, रिक्षा यांसाठी दिवसाच्या ताईंकडे दोन हजारांची डबी असते. डबीत चिठ्ठ्या टाकायच्या. दर रविवारी मी किंवा शेजारच्या काकू हिशेब बघून डबी पुन्हा दोन हजारांवर आणतो. ताईंकडे कार्ड नाही, पिन नाही, आत्याच्या फोनवरचे ओटीपी वाचून दाखवायला त्यांना मनाई. हे त्यांच्यावर अविश्वास म्हणून नाही असं मी त्यांना समोर बसवून सांगितलं. उद्या पैसे गेले तर पहिलं बोट त्यांच्याकडे जाईल, ते जाऊ नये म्हणून. पैसे खरंच गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा आणि बँकेला कळवायचं. तुमची चूक नसलेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर नुकसान तुमच्यावर येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. ओटीपी कोणी सांगून बसलं असेल तर मात्र बँक हात वर करते. पेन्शन बंद पडेल, केवायसी संपलंय, असे फोन दुपारी येतात, घरात आत्या आणि ताई दोघीच असताना. फोनशेजारच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: 'बँकेचा फोन आला तर माझा नंबर द्यायचा आणि ठेवून द्यायचा.'

वही, आणि वारस

खातं उघडून महिना झाला आणि ठाण्याहून आत्याच्या पुतण्याचा फोन आला, काकांच्या भावाचा मुलगा. "काकूच्या खात्यात तुझं नाव घातलंस म्हणे?" मला ते फार लागलं. महिन्यातून दोनदा पुणे-सातारा मी करायचं आणि चौकशी याने करायची!

वकिलांनी शांतपणे सांगितलं की कायद्याने वारस तोच आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम १५: मूलबाळ आणि नवरा नसलेल्या स्त्रीने मृत्युपत्र केलं नसेल तर तिची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. माहेरचे त्यानंतर. आई-वडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी माहेरी परतते. आत्याची पेन्शन आणि ठेवी तिच्या स्वतःच्या कमाईच्या, म्हणजे मृत्युपत्राशिवाय त्या पुतण्याच्या. बँक मला 'सर्व्हायव्हर' म्हणून पैसे देईल, त्याने बँकेची जबाबदारी संपेल. पण ते पैसे माझे होत नाहीत, वारसांसाठी माझ्या हातात राहतात. नामनिर्देशनाचंही तसंच आहे. नॉमिनी म्हणजे मालक, हा आपल्याकडचा सगळ्यांत पक्का गैरसमज असेल.

हे कळल्यावर राग उतरला आणि वही सुरू झाली. दोनशे पानी, आडव्या रेघांची. डाव्या पानावर जमा, उजव्यावर खर्च. प्रत्येक पाचशे रुपयांवरच्या खर्चाची पावती मागे पाकिटात. महिन्याच्या शेवटी वहीच्या पानाचा आणि पासबुकाचा फोटो आम्हा तिघा-चौघांच्या ग्रुपवर. पहिल्या महिन्यांत पुतण्या प्रश्न विचारायचा, आता नुसता 'ठीक'चा अंगठा टाकतो. एकदा त्यानेच पकडलं की मी औषधांची एक रक्कम दोनदा लिहिली होती.

तुमचा स्वतःचा खर्चही आधीच ठरवा. मी एसटीचं भाडं घेते, बाकी काही घेत नाही. कोणी नोकरी सोडून आईला सांभाळत असेल तर तिने महिन्याला ठराविक रक्कम घेण्यात मला काही गैर वाटत नाही, फक्त ते सगळ्या भावंडांसमोर आणि कागदावर असावं. वहीत 'किरकोळ' म्हणून लपवलेले तीन हजार पुढे तीन लाखांचं भांडण काढतात.

आणि मृत्युपत्र. खातं उघडलं त्याच महिन्यात आत्याने ते केलं. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. आम्ही केली, आणि त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखलाही घेतला. काय लिहिलंय ते मी विचारलेलं नाही.

ठेवी

नऊ लाखांची एकच ठेव असेल तर ऐंशी हजारांसाठी सगळी मोडावी लागते. लाख-लाखाच्या नऊ पावत्या करा, मुदत पुढेमागे ठेवा, लागेल तशी एकेक मोडा.

काही ठेवी संयुक्त असतील तर एक गोष्ट हमखास राहून जाते. बचत खातं आयदर ऑर सर्व्हायव्हर असलं की एका सहीने चालतं, पण ठेव मुदतीआधी मोडायची तर दोघं हयात असताना बँक दोघांच्या सह्या मागते. एक गेल्यावरही मुदतपूर्व मोडता यावी यासाठी दोघांनी मिळून तशी लेखी सूचना दिलेली असावी लागते. ही सूचना ठेव ठेवतानाच किंवा नंतर कधीही देता येते. आत्याची सही चालतेय तोवर देऊन टाकली.

नॉमिनी तपासा. आत्याच्या तीन पावत्यांवर काकांचंच नाव होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक अशा क्रमाने. करकपातीचं म्हणाल तर एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावर एका बँकेत वर्षाला एक लाखापर्यंत कपात होत नाही. आधी ही मर्यादा ५०,००० होती आणि आत्या दर एप्रिलला १५ एच, म्हणजे व्याजावर कर कापू नका असं सांगणारा फॉर्म, भरायला रांगेत उभी राहायची. तिच्या ठेवींपुरती ती रांग आता मिटली.

स्मृती जाऊ लागली तर

वरचं सगळं माणूस शुद्धीत आणि समजून सही करू शकतो तोवरच करता येतं. विसराळूपणा वाढतोय असं वाटलं की पुढच्या महिन्यावर ढकलू नका. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमता येतो. स्मृतिभ्रंश त्यात येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही मालमत्तेसाठी पालक नेमायची सोय नाही. उरतो तो उच्च न्यायालयाचा रस्ता. घटनेच्या कलम २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी पालक नेमले आहेत. पण वकील, वैद्यकीय तपासणी, इतर वारसांची संमती, यात महिने जातात आणि ताईंचा पगार तर दर महिन्याला द्यायचाच असतो.

पेन्शनसाठी नोव्हेंबर लक्षात ठेवा. हयातीचा दाखला राहिला की पेन्शन थांबते आणि स्थायी सूचनाही कोरडी पडते. शाखेत जाऊन यादीवर सही, किंवा जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला. आता ते मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. बोटांचे ठसे पुसट झालेल्यांसाठी चेहऱ्याची सोय फार उपयोगी आहे. पोस्टमनही घरी येऊन करून देतो, थोडं शुल्क घेतो.

माणूस गेल्यानंतर

आत्या आहे, आणि हे वाचून दाखवलं तर म्हणेल, एवढंच राहिलं होतं लिहायचं. तरी लिहिते.

पेन्शन खात्याचं कार्ड त्या दिवसापासून कपाटात. 'अंत्यविधीला लागतील' म्हणून एटीएममधून पैसे काढून आणणारा भाऊ प्रत्येक घरात असतो, त्याला थांबवा. मृत्यूनंतरच्या काळाची पेन्शन जमा झाली तर ती परत जाते, खर्च केलेली भरून द्यावी लागते. स्थायी सूचना बंद करायला सांगा. संयुक्त खात्यात मृत्यूचा दाखला आणि तुमची केवायसी दिली की बँक नाव कमी करते. बाकी खात्यांचे दावे सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निकाली काढायचे असतात. दाखल्याच्या किमान आठ-दहा प्रती काढा.

आणि एक रक्कम आजच बाजूला काढून ठेवा. नाव कमी होईपर्यंत शाखेने संयुक्त खातंही काही दिवस रोखून धरलं तर ताई आणि मावशींचा शेवटचा पगार अडकतो, तोही नेमका त्यांचं काम एका दिवसात सुटलेलं असताना. दोघींचा एक-एक महिन्याचा पगार, सत्तावीस हजार, मी माझ्या स्वतःच्या खात्यात वेगळा ठेवला आहे आणि वहीच्या पहिल्या पानावर 'ताई-मावशी, शेवटचा' असं लिहून त्याची नोंद केली आहे. त्या ओळीवर पुतण्याची सही घेतली आहे.